उपेक्षित गिटारवादक : अमान्सिओ डिसिल्वा

गिटार म्हटले की आपल्यापुढे चित्रपटातला नायक उभा राहतो. त्याच्या गळ्यात गिटार असते, तोंडी गाणे असते. आणि गिटार प्रत्यक्ष वाजवणारा मात्र कोठे तरी ध्वनिमुद्रणाच्या खोलीत, पडद्याआड असतो. त्याचे नाव आपण विचारीत नाही आणि कोणी सांगतही नाही. ह्या वाद्याला आपण परके समजतो. परंतु मुंबईत जन्मलेल्या एका गोमंतकीय वादकाने ह्याच वाद्यावर स्वतःच्या रचना बांधल्या, त्यांना गोवा, मुंबई, जयपूर आणि कोकण ही नावे दिली आणि त्या लंडनमध्ये ध्वनिमुद्रित केल्या. हा वादक म्हणजे अमान्सिओ डिसिल्वा. महाराष्ट्रात त्यांचे नाव फारसे कोणाच्या ओठांवर नाही. प्रस्तुत लेखात त्यांची कारकीर्द कशी घडली, त्यांच्या वादनाचे वेगळेपण कशात आहे आणि त्यांची उपेक्षा का झाली, ह्या तीन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

ब्लूज : कापसाच्या रानातले गाणे

डिसिल्वा हे जॅझ परंपरेतले वादक होते. जॅझची एक मुळी ब्लूज ह्या गायनप्रकारात आहे. म्हणून प्रथम ब्लूजची ओळख करून घेणे आवश्यक आहे.

अमेरिकेत १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. तरीही मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातील कृष्णवर्णीय माणूस कापसाच्या रानातच राहिला. पूर्वी तो मालकाचा गुलाम होता, आता तो बटईने जमीन करू लागला आणि कर्जात अडकला. रानात काम करताना एकाने हाक द्यायची आणि इतरांनी ओ द्यायची, अशी त्यांची श्रमगीते होती. देवळातली भक्तिगीतेही होती. ह्या साऱ्यांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जे एकट्या माणसाचे, दुःखाचे आणि थट्टेचेही गाणे तयार झाले, ते ब्लूज होय. १९१२ मध्ये डब्ल्यू. सी. हँडी ह्या संगीतकाराने 'मेम्फिस ब्लूज' छापून प्रसिद्ध केले. १९२० मध्ये मेमी स्मिथ ह्या गायिकेची 'क्रेझी ब्लूज' ही तबकडी निघाली आणि हे गाणे रानातून बाजारात आले.

आपला भाग कापसाचा आणि उसाचा आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन गाव सोडणारी कुटुंबे आपण दर वर्षी पाहतो. उचल घेऊन काम करणे म्हणजे काय, हे बीड जिल्ह्याच्या वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. म्हणून ब्लूजमागचे जीवन आपल्याला वाटते तितके दूरचे नाही.

ब्लूजची रचना साधी असते. बहुधा बारा बारचे एक आवर्तन असते. प्रत्येक बार चार मात्रांचा, म्हणजे एकूण अठ्ठेचाळीस मात्रा. गाण्याच्या ओळी तीन. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचे. गायकाची ओळ संपली की उरलेल्या जागेत गिटार बोलते. म्हणजे हाक गळ्याची आणि ओ तारेची.

ब्लूजचे स्वर आपल्या भाषेत मांडायचे तर सा, कोमल ग, म, प, कोमल नी असे पाच मुख्य स्वर येतात. मध्ये तीव्र मध्यमाचा स्पर्श होतो. हेच पाच स्वर आपल्या धानी रागाचे आहेत. अर्थात स्वर तेच असले म्हणून राग तोच होत नाही; चलन वेगळे असते. पण आणखी एक साम्य लक्षात घेण्यासारखे आहे. ब्लूज गाणारा गंधारावर स्थिर उभा राहत नाही. कोमल आणि शुद्ध ह्यांच्या मधल्या जागेत तो स्वर घसरवतो. पियानोच्या पट्ट्यांत ही जागाच नाही. गिटारीवर मात्र तार बोटाने ओढली की ती सापडते. आपल्याकडे सतारिया तार ओढून मींड घेतो, तीच ही क्रिया. दोन दूरच्या संगीतांमध्ये जाण्यायेण्याची वाट येथे आहे, आणि डिसिल्वा ह्याच वाटेने गेले.

गोव्याचे वादक आणि मुंबई

डिसिल्वा ह्यांचा जन्म १९३६ साली मुंबईत एका गोमंतकीय कुटुंबात झाला. त्या काळच्या गोमंतकीय वादकांची हकिगत समजल्याशिवाय त्यांची वाटचाल समजणार नाही.

पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या गावोगावी चर्चला जोडून शाळा असत. तेथे मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवीत. हेतू चर्चमधील गायन-वादनाचा होता, परंतु त्यातून कागदावरचे संगीत पाहताक्षणी वाजवणाऱ्या वादकांच्या पिढ्या तयार झाल्या. गोव्यात रोजगार नव्हता. ही मुले मुंबईला आली, धोबी तलावाच्या परिसरात आपापल्या गावाच्या कुडांमध्ये राहिली आणि बँडमध्ये शिरली. १९३५ साली लिऑन ॲबी हा अमेरिकेतील कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन मुंबईस आला आणि ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. त्याच्यामागून आणखी काही कृष्णवर्णीय वादक आले. गोव्याच्या तरुणांनी जॅझ त्यांच्याकडून ऐकले आणि उचलले.

पुढे १९४९ साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला. हॉटेलांतील नृत्याचे कार्यक्रम रोडावले आणि वादकांचा मोठा आधार हिंदी चित्रपट हाच उरला. हळदोणे गावचे अंतोनिओ वाझ ट्रम्पेट वाजवीत आणि 'चिक चॉकलेट' ह्या नावाने ओळखले जात. आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे सुपुत्र संगीतकार सी. रामचंद्र ह्यांच्याबरोबर त्यांनी काम केले. १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटातील गाण्यांना जो झणका आहे, त्यात ह्या गोमंतकीय वादकांचा वाटा मोठा आहे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस ह्यांनी प्यारेलाल ह्यांना व्हायोलिन शिकवले. त्यांचे नाव सर्व देशाला माहीत झाले ते १९७७ च्या एका चित्रपटगीतामुळे, आणि तेही गमतीचे नाव म्हणून! अशी माणसे शेकड्यांनी होती. गाणे लोकप्रिय होई, संगीत दिग्दर्शकाचे नाव होई, गायकाचे होई. वादकाला दिवसाची बिदागी मिळे आणि त्याचे नाव तबकडीवर येत नसे.

जयपूरची गिटार, लंडनची तबकडी

डिसिल्वा ह्यांनी साथीदार म्हणून जगण्यापेक्षा स्वतःच्या रचना करण्याची वाट धरली. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी ह्यांनी त्यांचे वादन ऐकून त्यांना एक उंची गिब्सन गिटार घेऊन दिली, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात नेहमी सांगितली जाते. संस्थाने विलीन झाल्यानंतरही एका राजघराण्याने गवयाला नव्हे, तर विजेवर चालणाऱ्या गिटारीच्या वादकाला आश्रय द्यावा, ही गोष्ट बदलत्या काळाची निदर्शक आहे.

साठच्या दशकाच्या उत्तरार्धात ते लंडनला गेले. वेळ मोक्याची होती. १९६५ च्या डिसेंबरात बीटल्सच्या एका गाण्यात जॉर्ज हॅरिसन ह्यांनी सतार वाजवली होती आणि इंग्लंडात भारतीय वाद्यांची लाट आली होती. १९६६ मध्ये कलकत्त्यात जन्मलेले जॉन मेयर आणि जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट ह्यांनी 'इंडो-जॅझ सूट' ही ध्वनिमुद्रिका काढली. त्यात तबल्यावर केशव साठे होते. हे मुंबईचे मराठी तबलावादक पन्नासच्या दशकात लंडनला गेले होते. त्यांचे नावही आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

ह्याच वर्तुळातील निर्माते डेनिस प्रेस्टन ह्यांनी डिसिल्वा ह्यांना संधी दिली. १९६९ साली त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. तिचे नाव 'इंटिग्रेशन', म्हणजे एकात्मता. सॅक्सोफोनवर डॉन रेंडेल आणि ट्रम्पेटवर इयन कार हे त्या वेळचे इंग्लंडातील पहिल्या प्रतीचे वादक त्यांच्या साथीला होते. त्यातील एका रचनेचे नाव 'अ स्ट्रीट इन बॉम्बे' असे आहे.

त्याच वर्षी 'हम दोनो' निघाली. ह्या नावाचा देव आनंद ह्यांचा चित्रपट १९६१ मध्ये येऊन गेला होता. येथे 'दोनो' म्हणजे डिसिल्वा आणि जो हॅरियट. हॅरियट ह्यांचे बालपण किंग्स्टनच्या एका अनाथांच्या शाळेत गेले होते. १९५१ मध्ये ते इंग्लंडला आले. १९६० मध्ये त्यांनी ठरावीक चौकट सोडून मुक्त वादनाचा प्रयोग केला होता. एक गोव्याच्या घरातला, एक जमैकाचा. दोघेही वसाहतींच्या राज्यांत जन्मलेले आणि दोघेही लंडनमध्ये परके. ह्या तबकडीत डिसिल्वा ह्यांची 'बॅलड फॉर गोवा' ही रचना आहे, 'जयपूर' आहे आणि आपल्या मुलाच्या नावाने केलेली 'स्टेफानोज डान्स' ही रचनाही आहे.

१९७१ मध्ये 'रिफ्लेक्शन्स' आणि १९७२ मध्ये 'कॉस्मिक आय' ह्या समूहाची 'ड्रीम सीक्वेन्स' ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. ह्याच सुमारास त्यांनी 'कोकण डान्स' ही मालिका ध्वनिमुद्रित केली. तीत क्लेम ॲल्फोर्ड ह्यांची सतार आणि केशव साठे ह्यांचा तबला होता. ती मात्र प्रसिद्धच झाली नाही. फिती तशाच पडून राहिल्या. १९७३ च्या जानेवारीत जो हॅरियट विपन्नावस्थेत वारले. भारतीय वाद्यांची लाट ओसरली. नंतरच्या काळात डिसिल्वा संगीत शिकवण्याकडे वळले. १९९६ साली लंडन येथे त्यांचे निधन झाले. 'कोकण डान्स' ध्वनिमुद्रिका म्हणून बाहेर आली ती २००६ मध्ये, वादकाच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी.

वादनाचे विशेष

डिसिल्वा ह्यांच्या वादनाचा पहिला विशेष असा की, त्यांनी भारतीयपणा बाहेरून चिकटवला नाही. त्या काळी पाश्चात्त्य गाण्यात सतारीचे चार सूर घातले की ते भारतीय झाले, असे मानीत. 'इंटिग्रेशन' आणि 'हम दोनो' ह्या दोन्ही तबकड्यांमध्ये सतारही नाही आणि तबलाही नाही. गिटार, सॅक्सोफोन, ट्रम्पेट, बास आणि ड्रम ही सारी जॅझचीच वाद्ये आहेत. तरीही चाल ऐकताना ओळखीची वाटते, कारण ती स्वरांच्या चलनातून आलेली आहे. पोशाख न बदलता माणूस बोलीवरून ओळखू यावा, तसे हे आहे.

दुसरा विशेष म्हणजे आधारस्वराचा उपयोग. जॅझमध्ये स्वरसंगती, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांचे गट, भराभर बदलतात आणि वादक त्यांच्यामागे धावतो. डिसिल्वा अनेक ठिकाणी आधार स्थिर ठेवतात. तंबोऱ्यासारखी एक जमीन तयार होते आणि तिच्यावर चाल सावकाश पसरते.

तिसरा विशेष 'हम दोनो' मध्ये स्पष्ट दिसतो. नॉर्मा विन्स्टन ह्या गायिकेने त्यात शब्दांवाचून गायन केले आहे. आवाज, सॅक्सोफोन आणि गिटार ही तिन्ही एकच चाल एकत्र मांडतात. पाश्चात्त्य रीत अशी की, एकाने चाल धरायची आणि इतरांनी वेगळे सूर द्यायचे. आपल्या भजनात पेटी गळ्याच्या मागोमाग तीच ओळ वाजवते. 'जयपूर' ऐकताना हे तत्त्व कानाला लगेच जाणवते.

ह्याच काळात आपल्या देशात गिटारीवर दुसराही प्रयोग चालू होता. ब्रिजभूषण काब्रा ह्यांनी गिटार आडवी ठेवून, तारेवर धातूची दांडी सरकवून शास्त्रीय राग वाजवले. १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया ह्यांच्यासह केलेली ध्वनिमुद्रिका प्रसिद्धच आहे. काब्रा ह्यांनी गिटारीला रागाच्या घरात आणले. डिसिल्वा ह्यांनी गिटार तिच्याच घरात ठेवली आणि तिला आपली बोली शिकवली. दोन्ही प्रयोग मोलाचे आहेत. परंतु पहिल्याला बसायला शास्त्रीय संगीताची बैठक तयार होती, दुसऱ्याला ती नव्हती.

उपेक्षा का झाली?

ह्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. इंग्लंडातील जॅझच्या रसिकांना डिसिल्वा हे भारतीय लाटेतले एक नाव वाटले. लाट ओसरली तसे तेही विस्मरणात गेले. भारतातील शास्त्रीय संगीताच्या रसिकाला ते पाश्चात्त्य वाटले. चित्रपटसंगीताच्या इतिहासात त्यांना स्थान नाही, कारण ते त्या वाटेने गेले नाहीत. मराठी वाचकाने 'गोव्याचे ख्रिस्ती बँडवाले' म्हणून हा सगळा वर्गच आपल्या संगीताच्या इतिहासाबाहेर ठेवला. दुकानात प्रत्येक मालाला एक फळी असते. ज्या मालाला फळी नाही, तो कितीही चांगला असला तरी गिऱ्हाइकाच्या नजरेस पडत नाही. डिसिल्वा ह्यांचे तसे झाले.

दुसरे कारण व्यवहाराचे आहे. ह्या तबकड्या पुढे कित्येक वर्षे मिळेनाशा झाल्या. लेखकाचे पुस्तक ग्रंथालयात उरते. वादकाची तबकडी नाहीशी झाली की त्याची कलाच नाहीशी होते.

प्रभावाचा प्रश्न

डिसिल्वा ह्यांचा प्रभाव किती, हे सांगताना अतिशयोक्ती टाळली पाहिजे. जॉन मॅक्लॉफलिन ह्या इंग्रज गिटारवादकाने झाकिर हुसेन, एल. शंकर आणि विनायकराम ह्यांच्यासह 'शक्ती' हा समूह काढला. त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका १९७६ मध्ये आली आणि जगभर गाजली. गिटार आणि भारतीय संगीत ह्यांचा संगम म्हटले की सर्वजण 'शक्ती'चे नाव घेतात. डिसिल्वा ह्यांच्या तबकड्या तिच्यापूर्वी सात वर्षे निघाल्या होत्या. एवढ्यावरून 'शक्ती'ने त्यांचे अनुकरण केले असे म्हणता येणार नाही, कारण आधी घडलेली गोष्ट नंतरच्या गोष्टीचे कारण असतेच असे नाही. पण त्या वाटेवर अगोदर कोण चालले, हे सांगताना त्यांचे नाव गाळणे अन्यायाचे आहे.

त्यांचा खरा प्रभाव उशिराने सुरू झाला. एकविसाव्या शतकात जुन्या ब्रिटिश जॅझचा शोध घेणाऱ्या संग्राहकांनी त्यांच्या तबकड्या पुन्हा बाहेर काढल्या. आज मोबाइलवर नाव टाकले की 'जयपूर' ऐकता येते. त्यासाठी लंडनला किंवा मुंबईलाही जावे लागत नाही.

नाव लिहून ठेवण्याचे महत्त्व

ही पुनर्भेट शक्य झाली, त्याचे एक साधे कारण आहे. लंडनच्या तबकडीच्या वेष्टनावर प्रत्येक वादकाचे नाव आणि त्याचे वाद्य छापलेले होते. चाळीस वर्षांनी कोणी ती उचलली, तेव्हा तारेवर कोणाची बोटे होती हे त्याला कळले. मुंबईच्या चित्रपटांत वाजवणाऱ्या शेकडो वादकांच्या बाबतीत ही सोय राहिली नाही. त्यांची कला आपण रोज ऐकतो, पण ती कोणाची हे आपल्याला सांगता येत नाही.

१९४१ साली ॲलन लोमॅक्स हा संशोधक ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन मिसिसिपीतील एका मळ्यावर गेला आणि तेथे काम करणाऱ्या एका तरुणाचे गाणे त्याने उतरवून घेतले. तो तरुण पुढे मडी वॉटर्स ह्या नावाने ब्लूजचा थोर गायक-गिटारवादक झाला. आपल्याकडेही असे काम झाले आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ ह्यांनी महाराष्ट्रातील जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा केल्या आणि त्या म्हणणाऱ्या स्त्रियांची नावेही नोंदवली. आपल्या माजलगावच्या बायांच्या ओव्याही त्या संग्रहात आहेत. ज्या बाईला शाळेच्या पटावर कधी जागा मिळाली नाही, तिचे नाव संगीताच्या पटावर लागले, ही केवढी मोठी गोष्ट!

परंतु आपल्या भागातील वाजवणाऱ्यांचे काय? जागरण-गोंधळातला संबळवाला, तमाशातला ढोलकीवाला, वरातीपुढे बेंजो वाजवणारा, भजनी मंडळातला मृदंगी ह्यांना आपण 'वाजंत्री' ह्या एका शब्दात गुंडाळतो. लग्नपत्रिकेवर दूरच्या नातेवाइकाचेही नाव असते. सनई ज्याने वाजवली त्याचे नसते. त्यांच्यातील बहुतेकांचे वाजवणे वडिलांकडून मुलाकडे आले आहे आणि मुलगा आता ते सोडून दुसऱ्या कामाला लागला आहे. त्यांच्यात एखादा डिसिल्वा नसेलच असे कशावरून म्हणायचे?

मराठी, इतिहास आणि समाजशास्त्र ह्या विषयांच्या विद्यार्थ्यांना हे काम सहज करता येईल. प्रत्येकाने आपल्या गावातील दोन वादक निवडावेत. त्यांचे नाव, वाद्य, ते कोणाकडून शिकले, कोणती चाल त्यांची स्वतःची आहे, हे त्यांच्या संमतीने एका वहीत लिहावे आणि मोबाइलवर वादन उतरवून घ्यावे. ती वही महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावी. ह्याला अनुदान लागत नाही, यंत्रसामग्री लागत नाही. प्राध्यापकांनी मनावर घेतले तर पुढील वर्षाच्या अंकात अशा नोंदींचा एक विभागही काढता येईल.

अमान्सिओ डिसिल्वा ह्यांची गुणवत्ता त्यांच्या हयातीत थोड्यांनाच कळली. ती आज आपल्याला कळू शकते, कारण कोणी तरी फीत जपली आणि कोणी तरी नाव लिहिले. कलावंत मोठा की लहान हे काळ ठरवील. पण काळापुढे त्याला उभे करायचे असेल तर आधी त्याचे नाव कागदावर यावे लागते.